वेबमेलमधून स्पॅम सुटू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राउंडक्यूब (ब्राउझरमध्ये मेल दाखवणारं वेबमेल), पोस्टफिक्स (मेल पाठवणारा आणि घेणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा आणि लॉगिन तपासणारा) अशा जोडणीवर स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या महाविद्यालयांकडून, पतसंस्थांकडून आणि छोट्या कंपन्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सेटिंगची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर घालून असतात. आत्ता आग लागलेली असेल तर थेट प्रश्न ५ वर जा.

१. आमच्याकडे स्पॅम येतो, आम्ही कुठे पाठवतो? मग ही डोकेदुखी आमची कशी?

येणाऱ्या स्पॅमने वेळ जातो. तुमच्या सर्व्हरवरून बाहेर पडणाऱ्या स्पॅमने पत जाते, आणि ती परत मिळवायला आठवडे लागतात. कुणाचा तरी पासवर्ड मिळवायचा, वेबमेलमध्ये लॉगिन करायचं आणि रात्रभरात हजारो मेल तुमच्या नावाने सोडायचे, हा सर्वांत नेहमीचा प्रकार. यात सर्व्हर फुटलेला नसतो. लॉगिन बरोबर, पासवर्ड बरोबर, डीकेआयएमची, म्हणजे मेल तुमच्याच डोमेनचा असल्याचं सांगणारी, सहीही बरोबर. त्यामुळे येणारा मेल गाळणारी यंत्रणा कितीही भारी असली तरी इथे तिचा उपयोग नाही. बंदोबस्त बाहेर जाण्याच्या दारावर हवा, आणि नेमकं तेच दार बहुतेक ठिकाणी सताड उघडं असतं.

दुसऱ्या दिवशी जीमेल तुमचे खरे मेलही स्पॅममध्ये टाकायला लागतं. मग प्रवेशाची यादी पोचत नाही, निविदेचं उत्तर पोचत नाही, आणि फोन तुम्हाला येतात.

२. आमची एवढीशी पतसंस्था. आमच्या मागे कोण कशाला लागेल?

कुणी माणूस मागे लागलेला नसतो. चोरलेल्या पासवर्डांच्या याद्या घेऊन प्रोग्राम दारोदार फिरत असतात, त्यात तुमचंही दार येतं. त्यांना तुमचे हिशेब नको असतात. हवा असतो स्वच्छ इतिहास असलेला आयपी आणि जुनं, भरवशाचं डोमेन. या दोन्ही गोष्टी छोट्या संस्थेकडे हमखास असतात. रात्री लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, बघणारा माणूस मात्र नसतो.

३. पासवर्ड चोरीला जातो तो नेमका कसा? आमच्या लोकांनी कुणाला सांगितलेला नाही म्हणतात.

ते खरंच बोलत असतात. नेहमीचा मेल असा असतो: 'प्रिय वापरकर्ता, आपला मेलबॉक्स ९८ टक्के भरला आहे. २४ तासांत पडताळणी न केल्यास खाते बंद होईल.' खाली बटण. बटण दाबलं की हुबेहूब तुमच्या वेबमेलसारखं लॉगिनचं पान येतं, वर संस्थेचा लोगोसुद्धा. पासवर्ड टाकला की 'पासवर्ड चुकला, पुन्हा प्रयत्न करा' असं दिसतं आणि ब्राउझर खऱ्या पानावर जातो. दुसऱ्यांदा टाकला की मेल उघडतो. आपली बोटं चुकली असतील असं समजून माणूस कामाला लागतो.

दुसरा रस्ता म्हणजे एकच पासवर्ड दहा ठिकाणी. कुठल्या तरी खरेदीच्या साइटवरून यादी फुटली की तोच पासवर्ड तुमच्या वेबमेलवर लावून पाहिला जातो. तिसरा, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारा व्हायरस. ऑफिसातल्या ज्या संगणकावर सगळेच बसतात आणि फुकटातली सॉफ्टवेअरं टाकतात, तिथे हा सापडतो. आणि चौथा आपल्या घरचाच: खातं उघडताना दिलेला 'संस्थेचं नाव, ॲट, १२३' हा पासवर्ड. कुणी बदलत नाही.

४. गैरवापर चालू आहे हे वेळेत कसं ओळखायचं?

पोस्टफिक्सच्या क्यूमध्ये, म्हणजे पाठवायच्या मेलांच्या रांगेत, किती मेल अडकले आहेत ते बघा. एरवी पाच-दहा असणारी संख्या अचानक हजारांत गेली तर काहीतरी बिनसलं आहे. मेलक्यू ही आज्ञा दर १० मिनिटांनी चालवून आकडा ठरावीक मर्यादेपुढे गेला की तुमच्या फोनवर संदेश येईल, एवढी छोटी स्क्रिप्ट लिहिली तरी निम्मं काम झालं. हा संदेश त्याच सर्व्हरच्या मेलवर पाठवू नका. तो त्याच क्यूमध्ये जाऊन बसेल.

नंतर लॉग. अधिकृतपणे पाठवलेल्या प्रत्येक मेलच्या ओळीत क्लायंट (मेल कुठून आला), एसएएसएल मेथड (लॉगिनची पद्धत) आणि एसएएसएल युजरनेम (लॉगिनचं नाव) अशा नोंदी असतात. आजच्या लॉगमधली युजरनेम मोजून उतरत्या क्रमाने लावा. गुन्ह्यात वापरलेलं खातं बहुतेक वेळा पहिल्याच ओळीत दिसतं. वेबमेलमधून गेलेल्या मेलला क्लायंट म्हणून लोकलहोस्ट, म्हणजे १२७.०.०.१ दिसेल, कारण पोस्टफिक्सशी राउंडक्यूब बोलतो, माणूस नाही. खरा आयपी हवा तर राउंडक्यूबची 'लॉग लॉगिन्स' सोय आधीपासून चालू ठेवलेली असावी लागते. ती आजच चालू करा.

वापरकर्त्याकडून कळणारी खूण: न पाठवलेल्या मेलांचे 'पोचला नाही' असे निरोप शेकड्याने येणं. पण हे निरोप कुणीतरी बाहेरून तुमचा पत्ता नुसता खोटा वापरला तरी येतात (प्रश्न १९ पाहा), म्हणून आधी लॉग बघा, मग माणसाला धरा. 'पाठवलेले' फोल्डर रिकामं आहे यावरून काही सिद्ध होत नाही; चोर ते साफ करतो.

५. आत्ता, या क्षणी, स्पॅम जातोय. आधी काय करू?

आधी खातं बंद करा. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. डेटाबेसमध्ये खातं निष्क्रिय करा. मग डव्हकॉटच्या 'डव्हअॅडम किक' आज्ञेने त्याची चालू कनेक्शनं तोडा आणि राउंडक्यूबच्या सेशन तक्त्यातून त्याचं सेशन, म्हणजे चालू लॉगिन, काढून टाका.

दुसरं, क्यू थोपवा. पोस्टफिक्सच्या 'पोस्टसुपर' आज्ञेला लहान एच आणि ऑल दिलं की क्यूमधले सगळे मेल 'होल्ड'मध्ये जातात. त्यात खरे मेलही असतील, पण तासाभराच्या उशिराने कुणाचं बिघडत नाही. आता शांतपणे त्या एका पाठवणाऱ्याचे मेल वेगळे काढा, नमुन्याला दोन-तीन मूळ स्वरूपात जपून ठेवा, बाकीचे पुसा, आणि खरे मेल मोठ्या एचने मोकळे करा.

तिसरं, लॉगची प्रत दुसऱ्या जागी घ्या. पुढे लागते (प्रश्न २० पाहा).

चौथं, वापरकर्त्याला फोन करा. मेल करून 'तुमचं खातं हॅक झालंय, नवा पासवर्ड हा' असं कळवणारे लोक असतात; तो मेल चोरही वाचतो.

सर्व्हर रीस्टार्ट करून काहीच साधत नाही. क्यू डिस्कवर असते. मशीन उठलं की पोस्टफिक्स उरलेला स्पॅम इमानेइतबारे पाठवायला घेतो.

६. पासवर्ड बदलून दोन दिवस झाले, तरी स्पॅम जातोच आहे. असं कसं?

या प्रश्नाची उत्तरं चार-पाच आहेत आणि कधीकधी दोन एकदम लागू पडतात.

सर्वांत साधं: तो जुनाच स्पॅम आहे. समोरच्या सर्व्हरने तात्पुरता नाकारलेला मेल पोस्टफिक्स मूळ सेटिंगनुसार ५ दिवस पुन्हा पुन्हा पाठवून पाहतो. क्यू साफ केली नसेल तर पासवर्ड शंभरदा बदला, तो जातच राहणार.

दुसरं, डव्हकॉटची ऑथ कॅश (आधी तपासलेले पासवर्ड लक्षात ठेवणारी सोय) चालू केली असेल तर मुदत संपेपर्यंत जुना पासवर्ड चालू शकतो. ती रिकामी करा. आधीपासून उघडी असलेली आयमॅप (मेल वाचण्याच्या पद्धतीची) कनेक्शनंही पासवर्ड बदलल्याने तुटत नाहीत, ती तोडावी लागतात.

तिसरं, चोराने आत काहीतरी ठेवलं आहे. सीव्ह फिल्टरची, म्हणजे आलेल्या मेलवर आपोआप चालणाऱ्या नियमांची, यादी उघडा. एका कार्यालयातल्या लेखापालांच्या खात्यात असा नियम सापडला होता: नाव म्हणजे नुसता एक टिंब, काम म्हणजे विषयात 'इन्व्हॉइस' किंवा 'पेमेंट' असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठवून इथली प्रत पुसणं. यादीत तो टिंब डोळ्याला दिसतही नव्हता. फिल्टरबरोबरच राउंडक्यूबच्या ओळखींमधला (पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता ठरवणाऱ्या नोंदींमधला) 'उत्तर द्या' पत्ता आणि सहीचा मजकूर तपासा, आणि ॲप पासवर्ड (फोन किंवा एखाद्या प्रोग्रामसाठीचे वेगळे पासवर्ड) दिले असतील तर तेही रद्द करा.

चौथं, खातं एक नाही. एकाच फिशिंग (पासवर्ड उकळणाऱ्या फसव्या) मेलला तिघांनी उत्तर दिलेलं असतं. चोर एक संपलं की दुसरं काढतो. पाचवं, स्पॅम वेबमेलमधून जातच नाही, वेबसाइटवरून जातोय (प्रश्न १४ पाहा).

७. बाहेर जाणाऱ्या मेलवर मर्यादा किती ठेवावी, आणि ती लावायची कुठे?

या पानावरचं एकच उत्तर अमलात आणणार असाल तर हे आणा. पासवर्ड आज ना उद्या कुणाचा तरी जाणारच. गेल्यावर २०० स्पॅम गेले की २ लाख, हे फक्त मर्यादेवर ठरतं.

आकडा आधी तुमच्याच लॉगवरून काढा. महिनाभरात एका माणसाने एका तासात जास्तीत जास्त किती जणांना मेल पाठवले ते बघा आणि त्याच्या दुपटीच्या आसपास थांबा. साधारण कार्यालयात तासाला ५० आणि दिवसाला ३०० प्राप्तकर्ते पुरतात. मोजायचे ते प्राप्तकर्ते, मेल नव्हेत. एकाच मेलमध्ये बीसीसीत शंभर पत्ते घालणं ही तर त्यांची नेहमीची रीत. राउंडक्यूबमध्ये 'मॅक्स रेसिपियंट्स' आहे, तिथे २५-३० ठेवा.

आता कुठे लावायची. पोस्टफिक्सची स्वतःची 'क्लायंट रेट लिमिट' सेटिंगं बघून बरेच जण तीच लावतात आणि निर्धास्त होतात. ती दोन कारणांनी इथे निकामी आहेत. एक, ती आयपीनुसार मोजतात, आणि वेबमेलचा सगळा मेल एकाच आयपीवरून, १२७.०.०.१ वरून येतो. गावातली सगळी पत्रं एकच पोस्टमन आणून टाकत असेल तर पोस्टमनची पत्रं मोजून कोण जास्त लिहितंय हे कळणार नाही. दोन, 'माय नेटवर्क्स' यादीतल्या, म्हणजे घरच्या मानलेल्या, पत्त्यांना ही मर्यादा मुळात लागूच होत नाही. अपवादाच्या सेटिंगची मूळ किंमतच तशी आहे, आणि लोकलहोस्ट त्या यादीत असतो. म्हणजे मर्यादा लावलेली दिसते, चालत मात्र नाही.

म्हणून मोजणी लॉगिनच्या नावावर व्हायला हवी. आरस्पॅमडी या स्पॅम गाळणाऱ्या प्रोग्राममध्ये रेटलिमिट मॉड्यूल आहे, ते अधिकृत वापरकर्त्याच्या नावाने मोजू शकतं. त्याला मोजलेले आकडे ठेवायला रेडिस हा डेटाबेस लागतो. आरस्पॅमडी नसेल तर पॉलिसीडी किंवा पोस्टएफडब्ल्यूडी यांसारखा पॉलिसी सर्व्हर एसएएसएल युजरनेमवर मोजतो.

हे सगळं चालण्यासाठी एक पूर्वअट: राउंडक्यूबने पोस्टफिक्सकडे वापरकर्त्याच्या नावाने लॉगिन करूनच मेल दिला पाहिजे. जुन्या मांडणीत तो लोकलहोस्टच्या पोर्ट २५ वर, विनालॉगिन मेल टाकतो, आणि घरचाच आहे म्हणून पोस्टफिक्स घेतो. मग लॉगमध्ये युजरनेमच नसतं, मोजणार कुणाला? राउंडक्यूबच्या एसएमटीपी (मेल पाठवण्याच्या) होस्टला पोर्ट ५८७ द्या आणि एसएमटीपी युजर, एसएमटीपी पास यांत टक्का-यू आणि टक्का-पी (लॉगिन केलेल्याचंच नाव आणि पासवर्ड) आहेत याची खात्री करा.

मर्यादा ओलांडली तर मेल कायमचा नाकारू नका, तात्पुरता अडवा आणि तुम्हाला कळू द्या. महिन्यातून दोनदा एखादा खरा माणूस अडकेल आणि चिडून फोन करेल. त्याची तयारी ठेवा.

८. फेलटूबॅन लावलं आणि एके सकाळी सगळ्यांचंच वेबमेल बंद पडलं. का?

प्रश्न ७ मधलंच दुखणं. वेबमेलमध्ये कुणी पासवर्ड चुकवला की डव्हकॉटच्या लॉगमध्ये आयपी पडतो १२७.०.०.१. फेलटूबॅनचं काम वारंवार पासवर्ड चुकवणारा आयपी अडवणं; तो बिचारा इमानाने हाच आयपी अडवतो आणि राउंडक्यूबचं डव्हकॉटशी बोलणं बंद होतं. उलट लोकलहोस्ट 'दुर्लक्ष करा' यादीत असेल तर कुणीच अडत नाही, वेबमेलवर रात्रभर पासवर्ड चाचपत बसता येतं.

डव्हकॉटच्या जेलला (फेलटूबॅनच्या अडवण्याच्या नियमाला) फक्त थेट आयमॅपसाठी ठेवा आणि वेबमेलसाठी राउंडक्यूबचा लॉग वाचणारं वेगळं जेल लावा. 'राउंडक्यूब ऑथ' नावाचं फेलटूबॅनबरोबर येतंच. पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या मागण्या घेऊन वेबमेलकडे देणारा सर्व्हर) असेल तर राउंडक्यूबच्या 'प्रॉक्सी व्हाइटलिस्ट'मध्ये तिचा आयपी टाका, नाहीतर प्रॉक्सीच अडवली जाईल. आणखी एक: महाविद्यालयाच्या लॅबमधले साठ संगणक एकाच आयपीने बाहेर पडतात. तो आयपी अपवादात टाकायचा की नाही हे ठरवताना लॅबमध्ये कोण बसतं ते आठवा.

९. राउंडक्यूबमध्ये कुणीही 'पाठवणारा' पत्ता बदलू शकतो असं दिसलं. हे बंद करावं का?

हो. 'आयडेंटिटीज लेव्हल' मूळ शून्य असते, म्हणजे कितीही ओळखी, हवा तो पत्ता. ती ३ केली की एकच ओळख राहते आणि पत्ता बदलता येत नाही. जास्त ओळखी हव्या असतील तर १ ठेवा.

ही झाली पडद्यावरची बंदी. चोर थेट ५८७ वर गेला तर ती लागू नाही, म्हणून पोस्टफिक्समध्ये 'सेंडर लॉगिन मॅप्स' भरा आणि 'रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच' लावा. तो नियम 'परमिट माय नेटवर्क्स' आणि 'परमिट एसएएसएल ऑथेंटिकेटेड' यांच्या आधी लिहायचा. नंतर लिहिला तर तिथवर गाडी पोचतच नाही. हा नियम लिफाफ्यावरचा, म्हणजे सर्व्हर आपसांत वापरतात तो, पत्ता तपासतो, वाचणाऱ्याला दिसणारा 'फ्रॉम' नव्हे. तो जुळतो का हे आरस्पॅमडीकडून बघून घ्यावं लागतं.

१०. ओटीपी लावला की झालं ना?

निम्मं झालं. राउंडक्यूबमध्ये ओटीपी मुळात नाही, प्लगइनने येतो, आणि तो प्लगइन फक्त वेबच्या दारावर उभा असतो. तोच पासवर्ड ९९३ वर आयमॅपला आणि ५८७ वर एसएमटीपीला ओटीपीशिवाय चालतो; स्पॅम पाठवणाऱ्याला तेवढंच पुरतं. खऱ्या अर्थाने उपयोग हवा असेल तर मुख्य पासवर्ड फक्त वेबमेलला चालेल आणि फोन, आउटलुक, थंडरबर्डला प्रत्येकी वेगळा ॲप पासवर्ड लागेल अशी मांडणी करा. ज्यांना वेबमेलच पुरतं त्यांचं बाहेरून ५८७ आणि ९९३ सरळ बंद ठेवा. कारकुनी खात्यांपैकी बरीच अशी असतात.

११. दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावतो. चांगली सवय ना?

नाही. लोक शेवटचा आकडा वाढवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही ठरावीक मुदतीने बदल लादू नका असंच सांगतात. बदलायचा तो फुटल्याचा संशय आल्यावर. त्यापेक्षा लांबी वाढवा आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी पडताळा. 'हॅव आय बीन पोन्ड'च्या सेवेला पासवर्डच्या हॅशची (पासवर्डपासून काढलेल्या सांकेतिक खुणेची) फक्त पहिली ५ अक्षरं पाठवावी लागतात, पासवर्ड बाहेर जात नाही.

१२. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही आहेत. मग स्पॅम कसा गेला?

कारण तो तुमच्याच सर्व्हरवरून, तुमच्याच सहीने गेला. एसपीएफ तुमच्या नावाने कोणते सर्व्हर पाठवू शकतात ते सांगतं, डीकेआयएम सही करतं, आणि या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं ते डीमार्क सांगतं. ही तिन्ही परक्याने तुमचं नाव वापरू नये म्हणून आहेत, घरच्या खात्याला ती अडवत नाहीत. तरीही ती हवीतच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांकडून तिन्ही मागतात, आणि जीमेलच्या लेखी दिवसाला ५००० मेल म्हणजे मोठं प्रमाण. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा असंही गूगल सांगतं. छोट्या डोमेनचा हा आकडा एका रात्रीच्या गैरवापरात कुठल्या कुठे जातो.

एसपीएफ तपासताना १० पेक्षा जास्त डीएनएस (डोमेनांच्या नोंदवहीतल्या) चौकश्या लागल्या तर नोंदच बाद ठरते. प्रत्येक नव्या सेवेचा 'इन्क्लूड' जोडत गेलेल्या संस्था इथे अडकतात.

१३. राउंडक्यूब जुनं आहे, पण नीट चालतंय. हात लावायची भीती वाटते.

भीती न लावण्याची वाटायला हवी. १ जून २०२५ रोजी आलेल्या १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्यांनी सीव्हीई-२०२५-४९११३ हे भोक बुजवलं. लॉगिन झालेला कुणीही त्यातून सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता, आणि ते भोक कोडमध्ये दहा वर्षं पडून होतं. 'लॉगिन लागतं ना, मग ठीक' असं म्हणू नका. प्रश्न ३ मधल्या कुणाही एकाचा पासवर्ड पुरे. ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपातल्या सरकारी कार्यालयांवर झालेल्या हल्ल्यात तर नुसता मेल उघडून बघणं पुरेसं होतं.

स्क्विरलमेल अजून चालवत असाल तर सोडा. त्याची शेवटची स्थिर आवृत्ती, १.४.२२, २०११ ची आहे.

अद्ययावत करताना 'इन्स्टॉलर' फोल्डर काढून टाका, नमुन्यातली डीईएस की (पासवर्ड सांकेतिक करून ठेवायची किल्ली) बदलली आहे का बघा, आणि वापरात नसलेले प्लगइन उडवा.

१४. वेबमेल ठीक आहे, पण वेबसाइटच्या संपर्क फॉर्ममधून स्पॅम जातोय असं होस्टिंगवाले म्हणतात.

शक्य आहे. नाव किंवा ईमेलच्या चौकटीत नवी ओळ घालून त्यापुढे बीसीसीचे पत्ते लिहिले, आणि वेबसाइटच्या पीएचपी कोडने ते न तपासता मेलच्या शीर्षकात टाकले, की तुमचा फॉर्म स्पॅमचं यंत्र होतो. फॉर्म भरणाऱ्याला 'आपली चौकशी मिळाली' असं उत्तर आपोआप जात असेल तर तेही वापरलं जातं: ईमेलच्या जागी सावजाचा पत्ता, नावाच्या जागी जाहिरात. असं उत्तर बंदच ठेवा. मराठीत भरायच्या फॉर्मवर रशियन अक्षरं का यावीत, एवढी साधी चौकशीसुद्धा बरंच अडवते.

वेबसाइटवर घुसवलेली फाइल पोस्टफिक्सला वळसा घालून थेट जगाशी पोर्ट २५ वर बोलू शकते. मग तुमच्या मेल लॉगमध्ये काहीच दिसत नाही आणि तरी आयपी काळ्या यादीत चढतो. फायरवॉलमध्ये बाहेर जाणारं पोर्ट २५ फक्त पोस्टफिक्सच्या युजरला मोकळं ठेवा. वेबसाइट आणि मेल वेगळ्या मशीनवर असतील तर सर्वांत बरं.

१५. आयपी काळ्या यादीत गेलाय. बाहेर कसा काढायचा?

आधी गळती बंद करा, मगच अर्ज करा. मूळ कारण न मिटवता काढून घेतलेला आयपी पुन्हा चढतो आणि दुसऱ्या वेळी कुणी लवकर ऐकत नाही. अशा याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या तपासणी पानावर आयपी टाकला की कोणत्या यादीत आणि का ते दिसतं. पीबीएलमध्ये असणं हा ठपका नव्हे. ती घरगुती जोडण्यांच्या आयपींची यादी आहे, आणि ब्रॉडबँडवर सर्व्हर ठेवलात तर त्यात असणारच. एक्सबीएल म्हणजे मात्र आत काहीतरी शिरलंय. काढण्याचे पैसे स्पॅमहाउस घेत नाही. पैसे मागणाऱ्या याद्यांकडे मी तरी लक्ष देत नाही. मोठे सर्व्हर त्या फारशा वापरतही नाहीत.

जीमेलचं वेगळं. तिथे यादीतून नाव काढण्याचा असा अर्ज नसतो. पोस्टमास्टर टूल्समध्ये आलेख बघत आठवडा-दोन आठवडे नीट वागायचं. या काळात आयपी बदलण्याचा मोह होतो. नव्या आयपीला इतिहासच नसतो आणि डोमेनची पत त्याने सुधारत नाही, तेव्हा फायदा थोडाच.

१६. प्राचार्यांना ३००० विद्यार्थ्यांना निकालाची सूचना पाठवायची आहे. मर्यादा काढू का?

त्यांच्या खात्याची काढू नका. साहेबांच्या नावाने काढलेला अपवाद परत कुणी बंद करत नाही आणि चोराला हवं असतं ते नेमकं तेच खातं. अशा सूचनांसाठी वेगळी यादी चालवा, मेलमॅनसारखी. पाठवणार एकजण, मंजुरी दुसऱ्याची. उपडोमेनही वेगळं ठेवा, म्हणजे तक्रारी आल्या तरी मुख्य डोमेनला झळ कमी बसते. ज्या पत्त्यांवरून मेल परत येतात ते लगेच गाळा. पाच वर्षांपूर्वी पास झालेल्यांची यादी दरवर्षी वापरणं हाही एक प्रकारचा स्पॅमच.

१७. अनेक शिक्षकांनी सगळा मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड केलाय. चालेल का?

चालतं, पण महागात पडतं. आलेला स्पॅमही तुमच्या सर्व्हरवरून पुढे जातो आणि जीमेल तो तुमच्या खात्यावर मांडतं. शिवाय मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफमध्ये तुमचा आयपी नसल्याने पडताळणी तुटते. त्यासाठी एसआरएस (फॉरवर्ड करताना लिफाफ्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून लिहिणारी पद्धत) लावावं लागतं. फॉरवर्ड करण्याआधी स्पॅम गाळा, नाहीतर बाहेरचं फॉरवर्ड सरसकट बंद करून फोनवर आयमॅप लावून द्या. मी दुसरं सुचवीन. त्याने प्रश्न ६ मधला लपवलेला नियमही निकालात निघतो.

१८. मर्यादा शाबूत, लॉग स्वच्छ, तरी आमच्या सहीचा स्पॅम लाखोंनी फिरतोय. हे कसं?

ही डीकेआयएम रिप्लेची लक्षणं. चोराने एका खात्यातून एकच मेल स्वतःच्याच पत्त्यावर पाठवला. त्यावर तुमच्या सर्व्हरची खरी सही पडली. आता तोच मेल, अक्षरही न बदलता, दुसऱ्या सर्व्हरवरून तो लाखो लोकांना पाठवतो. लिफाफ्यावरचा पत्ता सहीत मोजला जात नसल्याने सही शाबूत राहते. मर्यादेला तर एकच मेल दिसला.

पूर्ण इलाज नाही. सहीला मुदत घाला, काही दिवसांची. टू, सीसी, विषय, तारीख हे मथळे 'ओव्हरसाइन' करा, म्हणजे मागून दुसरा विषय किंवा नवा 'टू' चिकटवता येत नाही. प्रकार चालू असेल तर नवा सिलेक्टर (सहीच्या किल्लीचं नाव) काढून जुनी किल्ली डीएनएसमधून हटवा. वाटेत असलेल्या काही खऱ्या मेलांची सही त्यामुळे बाद होईल. अनोळखी पत्त्यावर पहिलाच मेल आणि त्यात नुसती लिंक, असे बाहेर जाणारे मेल आरस्पॅमडीने होल्डला टाकले तर मुळातच आळा बसतो.

१९. 'मी सुट्टीवर आहे' या उत्तरांमुळेही स्पॅम होतो?

होतो. खोट्या पत्त्यावरून स्पॅम येतो, तुमचं उत्तर त्या निरपराध पत्त्यावर जातं. सीव्हची व्हेकेशन सोय वापरा, ती एकाच पत्त्याला पुन्हा पुन्हा उत्तर देत नाही. स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टा काढून टाका. अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावरचा मेल आधी घेऊन मग परत पाठवू नका, दारातच नाकारा.

२०. कायद्याने कुणाला कळवावं लागतं का?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. यादीत मेल सर्व्हरवरचे हल्ले आणि फिशिंग दोन्ही आहेत, आणि निर्देश कंपन्यांना तसेच सरकारी संस्थांनाही लागू आहेत. तुमची संस्था त्यात बसते का हे सल्लागाराला आत्ताच विचारून ठेवा, घटनेच्या रात्री नव्हे.

त्याच निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितले आहे. डेबियनवर सिस्टिम लॉग मूळ सेटिंगनुसार आठवड्याला फिरतो आणि चारच जुन्या फाइली राहतात, म्हणजे महिनाभर. लॉगरोटेटमध्ये आकडा वाढवा आणि सर्व्हरचं घड्याळ एनटीपीला (घड्याळं जुळवणाऱ्या सेवेला) जोडा; राउंडक्यूब, डव्हकॉट आणि वेब सर्व्हर यांच्या वेळा जुळल्या नाहीत तर खरा आयपी शोधताना डोकं धरून बसाल. कुणाचे पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.

२१. एवढं सगळं करण्यापेक्षा गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे गेलेलं बरं नाही का?

पन्नास खाती आणि सर्व्हरकडे बघायला अर्धा माणूस असेल तर, हो, जा. मर्यादा तिथे आयती मिळते: गूगल वर्कस्पेसवर दिवसाला २००० मेल, मायक्रोसॉफ्ट ३६५ वर १०,००० प्राप्तकर्ते. हे आकडे पाहिले तर कळेल की चोरीला गेलेलं एक खातं तिथूनही भरपूर नुकसान करू शकतं. प्रश्न ३, ६, १६ आणि १७ मधले धोके तिकडेही आहेतच. आणि जाण्याआधी खात्यांची यादी साफ करा: निवृत्त झालेले, सोडून गेलेले, 'अॅडमिशन२०१८' सारखी हंगामी खाती. त्यांचा मेल कुणी वाचत नाही, त्यामुळे परत येणारे निरोपही कुणाच्या नजरेस पडत नाहीत. सहा महिने लॉगिन नसलेलं खातं पाठवण्यापुरतं बंद करून टाका. कुणाला खरंच लागलं तर तो विचारत येईल.